केमोतला ताप आणि पहिला तास



स्मृतिव्याख्यानासाठी कर्करोगासारखा विषय निवडला की सभागृहावर थोडे दडपण येते, याची मला कल्पना आहे. तरीही मी हा विषय आग्रहाने घेतला. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्यापर्यंत रुग्ण येत नाही, त्याच्या रक्ताची बाटली येते. ती एका उबदार यंत्रात ठेवली जाते. आत जिवाणू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड वाढतो, बाटलीच्या तळाचा रंग बदलतो आणि यंत्र इशारा देते. मग एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, ग्रॅमच्या पद्धतीने रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. गुलाबी काड्या दिसल्या की आम्ही ताबडतोब वॉर्डात फोन करतो. रुग्ण केमोथेरपीचा असेल तर मी नेहमी विचारतो, ताप कधीपासून आहे? आणि पलीकडून फार वेळा उत्तर येते, "घरी कालपासून होता म्हणे."

या 'कालपासून'बद्दल आज बोलायचे आहे. कर्करोगाच्या अनेक रुग्णांचा जीव गाठीमुळे जात नाही, जिवाणूच्या संसर्गाने जातो. त्यातले कितीतरी मृत्यू टाळता येतात, आणि ते टाळण्याचे काम डॉक्टरइतकेच घरच्या माणसाच्या, खोलीतल्या सोबत्याच्या हातात असते. आपण परदेशात राहणारी माणसे असल्यामुळे इथे, संयुक्त अरब अमिरातीत, ते थोडे अधिक अवघड आहे. कसे, ते सांगतो.

आधी शरीरात काय होते ते पाहू. आपल्या अस्थिमज्जेत दर दिवसाला सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. या पांढऱ्या पेशी म्हणजे जिवाणूंवर सर्वांत आधी धावून जाणारी फौज. रक्तात त्यांचे आयुष्य एखाद्या दिवसाचेही नसते, म्हणून कारखाना सतत चालू राहावा लागतो. केमोची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण अस्थिमज्जेच्या पेशीही तशाच असतात, आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या अस्तराच्या पेशीही. त्यामुळे एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. औषध दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पेशींची संख्या तळाला जाते, ज्याला आपले रुग्ण 'काउंट पडले' म्हणतात. आणि त्याच सुमारास तोंडात, आतड्यात बारीक जखमा होतात. आतड्यात अब्जावधी जिवाणू आधीपासून मुक्कामाला असतात. एरवी ते आपले काही वाईट करत नाहीत. आता भिंतीला भेगा पडल्या आणि पहारेकरी निघून गेले. ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास रक्तात उतरतात.

म्हणून केमोच्या रुग्णाला संसर्ग झाला की "कुणी आजारी माणूस भेटायला आला होता का?" एवढेच विचारून भागत नाही. बहुतेक वेळा शत्रू बाहेरून आलेला नसतो, तो रुग्णाच्या स्वतःच्या पोटातला, तोंडातला किंवा कातडीवरचा असतो. औषध देण्यासाठी छातीत बसवलेला पोर्ट किंवा दंडातली पिक लाइन हाही एक दरवाजा. तिथून कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस आत शिरतात. घट्ट गाठींच्या आजारात आणखी वेगळी तऱ्हा असते. फुप्फुसातल्या गाठीने श्वासनलिका बुजली की तिच्या मागे न्यूमोनिया साचतो. पित्तनलिकेत घातलेली नळी तुंबली की थंडी वाजून ताप येतो. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात, जो आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला भरपूर आला आहे, शस्त्रक्रियेची जखम थेट लाळेच्या संपर्कात राहते. पण आज माझा भर पेशी पडलेल्या रुग्णाच्या तापावर आहे, कारण तिथे घड्याळ सगळ्यांत वेगाने धावते.

पेशी किती पडल्या की धोका किती, याचा पहिला पक्का हिशेब १९६६ मध्ये मांडला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांच्या पांढऱ्या पेशी आणि त्यांना झालेले संसर्ग यांचा सांगोपांग ताळा घातला. दर मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल एक हजाराच्या खाली गेले की संसर्ग वाढू लागतात, पाचशेच्या खाली झपाट्याने वाढतात, शंभराच्या खाली तर फारच. आणि ही स्थिती जितके दिवस टिकेल तितका धोका चढत जातो. आज जगातल्या प्रत्येक कर्करोग रुग्णालयात 'पाचशे' हा आकडा ज्या अर्थाने वापरला जातो त्याचे मूळ त्यांच्या या शोधनिबंधात आहे. त्याच्या चार लेखकांत एक नाव वाय. एस. साठे असे आहे. साठ वर्षांपूर्वीच्या त्या पानावर ते आडनाव दिसले की मराठी वाचकाची नजर तिथे थबकते. माझी तरी थबकली.

आकड्यांचीच गोष्ट निघाली आहे म्हणून इथल्या मातीतली एक महत्त्वाची नोंद सांगतो. अल ऐनच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले की इथल्या निरोगी अरब लोकांत साधारण दहातल्या एकाचे न्यूट्रोफिल दीड हजारापेक्षा कमी असतात, आणि तरी ही माणसे धडधाकट असतात. त्यांना वारंवार संसर्ग होत नाहीत. हा जन्मजात, निरुपद्रवी प्रकार आहे. युरोपातल्या माणसांवरून ठरवलेला आकडा इथल्या रुग्णाला जसाच्या तसा लावला तर त्याची केमो विनाकारण पुढे ढकलली जाऊ शकते. म्हणजे आकडा हवा, पण तो कुणाचा आणि औषधाआधी किती होता, हेही हवे. तुमच्या केमोपूर्वीच्या रक्तचाचणीचा कागद जपून ठेवा, असे मी सांगतो ते यासाठी.

आता इतिहासातला एक योग. १९४८ साली सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन आजार काही काळ मागे हटतो हे दाखवले. आधुनिक केमोथेरपीची ती पहाट. ते औषध आले होते लेडर्ली प्रयोगशाळेतून, आणि तिथले संशोधन संचालक होते आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी त्यांच्याच प्रयोगशाळेतून बेंजामिन डग्गर यांचे ऑरिओमायसिन जगापुढे आले, टेट्रासायक्लिन घराण्यातले पहिले अँटिबायोटिक. पेशी मारणारे औषध आणि जिवाणू मारणारे औषध एकाच छताखाली, एकाच माणसाच्या देखरेखीत, एकाच वर्षी. सुब्बाराव त्याच ऑगस्टमध्ये वारले. पुढच्या पिढ्यांना कळले की पहिले औषध दुसऱ्याशिवाय देताच येत नाही. अँटिबायोटिकचा आधार नसता तर तीव्र ल्युकेमियाची आजची केमो, अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण, यातले काहीही उभे राहिले नसते. प्रतिजैविके निकामी होण्याच्या प्रश्नाकडे मी कर्करोगाचाच प्रश्न म्हणून पाहतो, त्याचे कारण हे.

तरी औषध हाती असूनही बराच काळ रुग्ण दगावत राहिले. कारण पद्धत अशी होती की ताप आला, रक्त कल्चरला पाठवले, कोणता जिवाणू ते कळले, मग त्याप्रमाणे औषध. तर्काला हे बरोबर वाटते. पण स्यूडोमोनाससारखा जिवाणू कल्चरच्या निकालाची वाट पाहत नाही. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ यांनी उलटा मार्ग धरला. पेशी पडलेल्या रुग्णाला ताप येताच, जिवाणूचे नाव कळण्याआधीच, कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू करायचे. निकाल इतके बोलके होते की ती पद्धत तेव्हापासून आजतागायत कायम आहे. औषधे बदलली, आता पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपाइम, मेरोपेनेम येतात. तत्त्व तेच राहिले. आज मार्गदर्शक सूचना सांगतात की असा रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यापासून साठ मिनिटांच्या आत अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे.

साठ मिनिटे मोजली जातात ती दारापासून. दारापर्यंत पोहोचायला लागलेले बारा, अठरा, चोवीस तास कोण मोजतो?

या देशाने दाराच्या आतली बाजू भक्कम केली आहे, हे आधी मोकळेपणाने म्हटले पाहिजे. अल ऐनचे तवाम रुग्णालय १९७९ मध्ये सुरू झाले आणि कित्येक वर्षे सगळ्या अमिरातींतले कर्करोगाचे रुग्ण तिकडेच जात. दुबईहून वाळवंट ओलांडून रेडिएशनसाठी अल ऐनला जाणारी माणसे आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असतील. आता अबू धाबी, दुबई, शारजा सगळीकडे उपचार होतात. २०२० पासून अस्थिमज्जेचे प्रत्यारोपणही अबू धाबीत होते. त्याआधी त्यासाठी देश सोडावा लागे. अबू धाबीत आणि दुबईत आरोग्यविमा सक्तीचा होऊन बरीच वर्षे झाली, आणि १ जानेवारी २०२५ पासून उत्तरेकडच्या अमिरातींतल्या खाजगी नोकरदारांना आणि घरकामगारांनाही तो लागू झाला. परिणामी पूर्वी निदान झाले की बॅगा भरून मायदेशी जाणारा रुग्ण आता इथेच राहून, बऱ्याचदा नोकरी सांभाळून केमो घेतो. तो केमो डे-केअरमध्ये घेतो आणि संध्याकाळी घरी येतो. त्याचे काउंट पडतात ते रुग्णालयात नव्हे, घरात. कुणाचे घर म्हणजे बर दुबईतला दोन बेडरूमचा फ्लॅट, कुणाचे करामातली पार्टिशनची खोली, कुणाचे सोनापूरच्या कामगार कॅम्पमधला बंकबेड.

तिथे ताप कसा वाया जातो ते पाहा. जुलैत बाहेर पंचेचाळीस अंश असतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला इथला कायदाच मनाई करतो, इतके ऊन. त्या दिवसांत अंग तापले तर माणूस म्हणतो, ऊन लागले. लिंबूपाणी पितो, एसीखाली आडवा होतो. दुसरी गोष्ट पॅनाडॉल, म्हणजे पॅरासिटामॉल. इथे प्रत्येक ग्रोसरीत मिळते, प्रत्येक पर्समध्ये असते. दोन गोळ्या घेतल्या की ताप उतरतो, रक्तातला जिवाणू मात्र आहे तिथेच राहतो. तीन-चार तासांनी पुन्हा गोळी. असे करत रात्र काढली जाते, कारण सकाळी ओपीडी उघडते, कारण रात्री टॅक्सीला पैसे पडतात, कारण खोलीतल्या माणसांची झोपमोड होते, कारण साहेबाला पुन्हा रजा मागायला लाज वाटते. यातले एकही कारण मूर्खपणाचे नाही. परमुलुखात राहणाऱ्या, कुणाला त्रास द्यायचा नाही अशा संस्कारात वाढलेल्या माणसाची ही कारणे आहेत. पण पेशी पडलेल्या रुग्णाने याच कारणांसाठी जीव गमावावा, हे मला सहन होत नाही.

तिसरी अडचण लहान वाटेल, पण मी ती अनेक घरांत पाहिली आहे. इथली रुग्णालये सेल्सिअसमध्ये बोलतात, आपली आई फॅरनहाइटमध्ये. डॉक्टर सांगतो, "अडतीस झाले तर या." घरात डिजिटल थर्मामीटर शंभर दाखवतो आणि सगळे गोंधळतात. म्हणून आज घरी जाताना हे दोन आकडे लक्षात ठेवा. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट, ३८.३ म्हणजे जवळजवळ १०१. केमो चालू असताना एकदा जरी १०१ दिसला, किंवा १००.४ तासभर टिकून राहिला, तर तो आणीबाणीचा ताप. गोळी घेऊन वाट पाहायची नाही. थर्मामीटर तोंडात किंवा काखेत लावायचा, गुदद्वारातून कधीही नाही, आणि या दिवसांत एनिमाही नाही, कारण तिथली नाजूक त्वचा फाटली की जिवाणूंना रस्ता मिळतो.

शिवाय ताप नसतानाही संसर्ग असू शकतो. अनेकांना केमोबरोबर स्टेरॉइड दिले जाते, ते ताप दाबते. वृद्ध रुग्णाचे अंग कधी उलट गार पडते. थंडी वाजून हुडहुडी भरणे, श्वास जोरात चालणे, लघवी कमी होणे, माणूस असंबद्ध बोलू लागणे, पोर्टमधून औषध सोडल्यावर काही मिनिटांत कापरे भरणे, यातले काहीही दिसले तर थर्मामीटर काय म्हणतो याला महत्त्व नाही. आणि डॉक्टरने तपासून "छाती साफ आहे, घसा ठीक आहे" म्हटले म्हणून निश्चिंत होऊ नका. पू तयार होतो तो न्यूट्रोफिलांमुळे. न्यूट्रोफिलच नाहीत तर पू नाही, सूज नाही, एक्स-रेवर डाग नाही. ताप हीच बहुधा एकमेव खूण असते.

विम्याबद्दलही गैरसमज खूप आहेत. "अप्रूव्हल येईपर्यंत थांबू" हे वाक्य मी ऐकतो. दुबईच्या मूलभूत विमा योजनेत आणीबाणीच्या उपचारासाठी पूर्वमंजुरीची अट नाही. खरी आणीबाणी असेल तर आधी इमर्जन्सीत जायचे, कागद मागाहून. रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९८.

आता समुद्रापलीकडची गोष्ट. आपल्यापैकी कुणाला कर्करोग झाला की मनात पहिले नाव येते परळच्या टाटा रुग्णालयाचे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, आणि टाटा न्यासाने उभारलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज रत्नागिरी-दापोली-म्हसळ्याकडची, आखातात दोन-तीन पिढ्या काढलेली कोकणी मुस्लिम कुटुंबे असोत की पुण्या-नाशिकची आयटीतली मंडळी, शस्त्रक्रिया परळला किंवा खारघरला, केमो इथे, दुसरे मत पुन्हा तिथे, अशी ये-जा सर्रास चालते. ती गैर नाही. पण माणसाबरोबर त्याच्या आतड्यातले जिवाणूही प्रवास करतात.

नेदरलँडच्या संशोधकांनी दोन हजार प्रवाशांची प्रवासाआधी आणि नंतर तपासणी केली, तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी पंचाहत्तर टक्के लोक, जाताना निर्मळ असलेले, परतताना आतड्यात ईएसबीएल नावाचे विकर तयार करणारे जिवाणू घेऊन आले. हे जिवाणू नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स निकामी करतात. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. महिना-दोन महिन्यांत बहुतेकांच्या आतड्यातून ते निघून जातात, थोड्यांच्या मात्र वर्षभर टिकतात. प्रवासात ज्यांनी अँटिबायोटिक घेतले त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. आता सुट्टीवरून परतलेल्या आणि पुढच्या आठवड्यात केमोला बसणाऱ्या आपल्या माणसाला हे लावून पाहा. त्याच्या आतड्यातूनच जिवाणू रक्तात उतरणार आहेत. ते कोणत्या औषधाला दाद देतात, यावर पहिला डोस लागू पडणार की वाया जाणार हे ठरते.

याहून कठीण आहेत ते मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेम औषधांना न जुमानणारे. ही औषधे निकामी करणारे एनडीएम हे विकर प्रथम ओळखले गेले ते २००८ मध्ये स्वीडनमधल्या, दिल्लीत उपचार घेतलेल्या रुग्णात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या अहवालांत क्लेबसिएलाच्या निम्म्याच्या आसपास नमुन्यांवर कार्बापेनेम चालत नाहीत. आखातही यातून सुटलेले नाही. अबू धाबीने २०१० मध्ये प्रतिजैविकरोधाची पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात केली, पुढे ती साऱ्या देशात विस्तारली. २०१० ते २०२१ या बारा वर्षांचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत. असिनेटोबॅक्टर या जिवाणूचा रोध कमी झाला, ही चांगली बातमी. कार्बापेनेमरोधी क्लेबसिएला आणि त्याचे भाईबंद वाढले, मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकॉकसही वाढला. कोणत्याही देशाने आपले आकडे असे उघड मांडावेत, याचे मला मनापासून कौतुक वाटते. मांडले नाहीत तर डॉक्टर पहिला डोस निवडणार कशाच्या आधारावर?

म्हणून एक विनवणी. गेल्या वर्षभरात भारतात रुग्णालयात राहिला असाल, शस्त्रक्रिया झाली असेल, कल्चरचा कुठलाही अहवाल असेल, तर तो इथल्या डॉक्टरला आपणहून दाखवा. "जुने प्रकरण आहे, कशाला" असे म्हणू नका. त्या एका कागदावरून औषध बदलते. आणि दुसरी विनवणी बॅगेतल्या गोळ्यांची. इथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही. भारतातही अनेक अँटिबायोटिक्ससाठी २०१४ पासून चिठ्ठीशिवाय न देण्याचा एच-वन सूचीचा नियम आहे, पण ओळखीच्या केमिस्टकडून ती मिळतात हे आपण सगळे जाणतो. लोणच्या-पापडाबरोबर ॲझिथ्रोमायसिन आणि सिफिक्झिमच्या पट्ट्या येतात. घरात कुणाला सर्दी झाली की तीन दिवस घेतल्या जातात, मग उरलेल्या डब्यात. केमोच्या रुग्णाने ताप आल्यावर यातली एक गोळी घेतली की दुहेरी नुकसान होते. आजार अर्धवट दबतो, आणि आमच्या बाटलीत जिवाणू वाढत नाही. मग कशाशी लढायचे हेच कळत नाही.

क्षयाबद्दल थोडे. व्हिसासाठी आपल्या सगळ्यांचा छातीचा एक्स-रे झालेला असतो, त्यामुळे "माझी टीबीची टेस्ट क्लिअर आहे" असा विश्वास असतो. एक्स-रेवर फुप्फुसाचा चालू क्षय दिसतो, शरीरात झोपलेला दिसत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये भारतात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील जवळपास एक-तृतीयांश लोकांत क्षयाचा संसर्ग आढळला. स्टेरॉइड किंवा काही कर्करोगाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती खाली आली की तो जागा होऊ शकतो. त्यासाठी वेगळी रक्तचाचणी असते. उपचार सुरू करण्याआधी ती हवी का, हे विचारा. तसेच पावसाळ्यात कोकणात, गोव्यात, उडुपी-मंगळूरच्या किनाऱ्यावर शेतात, चिखलात वावरून आला असाल आणि नंतर ताप, गळू किंवा न्यूमोनिया झाला, तर ते सांगायला विसरू नका. मातीतल्या एका जिवाणूमुळे होणारा मेलिऑइडोसिस नावाचा आजार त्या पट्ट्यात आढळतो, मधुमेही आणि कर्करोगी माणसाला तो गाठतो, आणि आखातातल्या डॉक्टरच्या मनात तो सहजी येत नाही.

घरातल्या पथ्यांचा प्रश्न दरवेळी येतो. पूर्वी पेशी पडलेल्या रुग्णाला फळे, कोशिंबीर सगळे बंद असे. या 'न्यूट्रोपेनिक डाएट'च्या चाचण्या झाल्या, आणि त्याने संसर्ग कमी होतात असे दिसले नाही. माणूस मात्र खाईनासा होतो आणि वजन घटते. नीट धुतलेले, सोललेले फळ चालते; ताजे शिजवलेले वरण-भात, भाजी उत्तम. मेसचा डबा दुपारी येऊन रात्री खाल्ला जातो, ते मात्र नको. कच्चे दूध नको. इथे उंटिणीचे ताजे दूध औषधी म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला दिले जाते. श्रद्धेने कुणी आणून देतो, नाही म्हणवत नाही. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, आणि तो या प्रदेशातला जुना आजार आहे. पाश्चराइज्ड उंटिणीचे दूध दुकानात मिळते, ते घ्या. गणपतीत घरी पंचामृत केले तर रुग्णासाठी दूध उकळून वेगळे करा. फुलदाणीतले साचलेले पाणी त्याच्या खोलीत नको, त्यात स्यूडोमोनास वाढतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीमुळे इथे थंड पाण्याच्या नळालाही कोमट-गरम पाणी येते. अशा उबेत लिजिओनेला हा जिवाणू वाढू शकतो, म्हणून टाकी वेळेवर साफ होते का हे इमारतीच्या वॉचमनला विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे. आणि सगळ्यांत मोठे पथ्य हात धुण्याचे. पोर्टला हात लावणाऱ्या प्रत्येकाने, परिचारिका असो की डॉक्टर, आधी हात स्वच्छ केले का, हे रुग्णाने विचारावे. त्यात उद्धटपणा काही नाही.

नवी औषधे येत आहेत, आणि त्यातले एक आपल्या मराठवाड्यातून. छत्रपती संभाजीनगरच्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात घडलेले झिडेबॅक्टम सेफेपाइमबरोबर दिले की एनडीएम बाळगणाऱ्या काही जिवाणूंवरही ते चालते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात टी-सेल ल्युकेमियाच्या भारतीय रुग्णाला, अंगभर पसरलेल्या स्यूडोमोनासमध्ये दुसरे काही उरले नसताना, हे औषध देऊन वाचवल्याची नोंद आहे. ते वाचताना मला फार समाधान वाटले. पण एखादे अँटिबायोटिक घडवायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि जिवाणू त्याला बगल द्यायला तेवढी घेत नाही. प्रतिजैविकरोधामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे बारा लाख सत्तर हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये आला होता. नव्या औषधाच्या भरवशावर जुने उधळायची चैन आपल्याला परवडणारी नाही.

मला जे मागायचे आहे ते थोडे आहे आणि ते या सभागृहातल्या मंडळांना, भिशी गटांना, कंपन्यांतल्या मराठी अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. आपल्या ओळखीत केमो घेणारा प्रत्येक माणूस शोधा. एकटा राहत असेल तर त्याच्यासाठी रात्री फोन उचलणारे दोघे ठरवा, गाडी असलेले. त्याला एक थर्मामीटर द्या. त्याच्या पाकिटात एक कार्ड ठेवा: मी केमोथेरपीवर आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला, माझे रुग्णालय हे, ताप ३८ च्या वर असल्यास कृपया ताबडतोब रक्ततपासणी आणि शिरेतून अँटिबायोटिक. मराठी, इंग्रजी, अरबी तिन्ही भाषांत छापा; मजकूर त्याच्या कर्करोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. कॅम्पमधल्या सुपरवायझरला सांगून ठेवा की हा माणूस रात्री दोनला "ताप आलाय" म्हणाला तर सकाळपर्यंत थांबवायचे नाही. तुम्ही स्वतः वरिष्ठ पदावर असाल तर तुमच्या हाताखालच्या रुग्णाला आजच सांगा की तापासाठी रजा मागावी लागणार नाही, नुसते कळवले तरी चालेल. घरात फ्लूची आणि न्यूमोकॉकसची लस कुणी कुणी घ्यायची, हे पुढच्या भेटीत डॉक्टरला विचारा. हे सारे करायला कुठल्याही निधीची वाट पाहावी लागत नाही. या हिवाळ्याच्या आत प्रत्येक मंडळाने एवढे करावे, अशी हात जोडून विनंती करतो.